नीलगायीने मोडलेला पेरू

मंडळी, आज पहाटे फरीदाबादच्या आमच्या अंगणात नीलगाय शिरली. पेरूचा शेंडा खाल्ला आणि एक मोठी फांदी सालीसकट फाडून गेली.

शेजारच्या भाभीजी म्हणाल्या, “उखाड़ दो, यहाँ गाड़ी खड़ी हो जाएगी.” आमच्या ह्यांनीही मान डोलावली. मला बिल्कुल पटलं नाही. रिटायर झाल्यावर मी स्वतःच्या हाताने लावलेलं हे पहिलं झाड आहे.

मी करवत घेतली. फाटलेली फांदी बुंध्याजवळ साफ कापली, तीन चांगल्या फांद्या ठेवल्या आणि त्यातली कललेली बांबूला बांधली. हाताला फोड आले.

“अगं, ती परत येईल,” हे म्हणाले.

“येऊ दे. मी परत छाटेन.”

दुपारी हे तारेची जाळी घेऊन आले.

नीलगायीसाठी तुम्ही जाळी किती उंच लावता?