वाकडी ओळ

नांदे गावातले आमचे घरमालक कोणतीही गोष्ट दोन्ही हात पाठीमागे बांधून बघतात. माझी स्कूटर असो, नाहीतर मी केलेली भाजी. बघून झालं की एकच शेरा: “बरं हाय. सुधारंल.”

यंदा जमीन विकून उरलेल्या त्यांच्या खाचरात मी हौसेनं भात लावायला उतरलो. माझी ओळ म्हशीच्या शेपटासारखी वाकडी गेली. एक बाई रोपं उपटून नीट लावायला वाकली, तर मालक बांधावरून ओरडले, “ऱ्हाऊ दे! तुमीच लावलं तर सायेब कवा शिकनार?”

पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी ती ओळ दाखवली.

ऑफिसात नव्या मुलीचं काम मी नेहमी स्वतःच पुन्हा करून टाकायचो. परवा तिनं स्क्रीन दाखवली. माझे हात कीबोर्डकडे निघाले होते, ते मी पाठीमागे बांधले.

“बरं हाय,” मी म्हणालो. “सुधारंल.”