काचपट्टीवरचे केशरी दाणे

लग्न होऊन मी नंदुरबारला आले तेव्हा माझ्या सामानात वडिलांनी दिलेला मायक्रोस्कोप होता. शेजारच्या बायका तो नव्या तऱ्हेचं शिवणयंत्र समजून बघायला आल्या होत्या. माझे यजमान डॉक्टर. पुढच्या खोलीत ते रोगी तपासत आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून, मी रक्त तपासत असे. पन्नासचं दशक तेव्हा सरत आलं होतं.

एका हिवाळ्यात तापीकाठच्या गावाहून एक शेतकरीण नवऱ्याबरोबर आली. अंगापिंडाने दणकट असावी, पण पार सुकलेली. कित्येक महिने खोकला, पहाटे धाप. मिरचीच्या हंगामात आमचं निम्मं गाव खोकतच असे, म्हणून सगळ्यांनी खापर मिरचीवर फोडलं होतं. ह्यांच्या हाताला मात्र तिची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली लागली.

मी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या. आकडा इतका मोठा आला की पुन्हा मोजल्या. तोच आला. ह्यांचा चेहरा उतरला. आदल्या वर्षी असाच आकडा असलेला एक तरुण रोगी आम्ही मुंबईला पाठवला होता, तो परत आला नव्हता.

"रक्ताचा कॅन्सर दिसतोय," ते हळूच म्हणाले. "मुंबईलाच न्यायला सांगतो."

"थांबा जरा. पेशी खूप आहेत एवढंच कळलंय. कोणत्या आहेत ते कुठे कळलंय?"

ते कळायला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवावा लागतो. मी रंगवला, तर सगळं निळंकाळं, एक पेशी दुसरीपासून ओळखू येईना. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्याने रंग बिघडायचा. मी कपाटातल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्या फोडायला घेतल्या.

"अगं, त्या इंजेक्शनसाठी आहेत."

"मग हे तिचं इंजेक्शनच समजा."

हल्ली माझी नात ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे एक यंत्र आहे. पेशी एकेक करून किरणासमोरून जातात आणि यंत्र प्रत्येकीची जात सांगतं. कॅन्सर आहे का, कोणता, हे ठरवायला त्याची फार मदत होते. आमच्याकडे किरण खिडकीतून यायचा आणि ओळख डोळ्यांनी पटवायची.

दुसरी काचपट्टी वाळली. मी डोळा लावला आणि हसूच आलं. जिकडे तिकडे केशरी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी, डाळिंब फोडल्यासारख्या. ह्या कॅन्सरमधल्यासारख्या कच्च्या, बिथरलेल्या पेशी नव्हत्या, चांगल्या पिकलेल्या होत्या. मी ह्यांना हाक मारली. ते बराच वेळ बघत राहिले.

"इओसिनोफिलिया," ते म्हणाले. "कॅन्सर दिसत नाही, ह्या केशरी पेशीच वाढल्यात. खोकला, धाप, सगळं त्याचंच. गोळ्या देऊ आणि पुन्हा रक्त बघू. आकडा उतरला नाही तर मुंबई आहेच."

बाई बाहेर बाकावर बसली होती. मला बघून नवरा उठला, पण विचारलं तिनेच.

"काय शे वं बाई मन्हा रगतमा?"

"वाईट काही दिसत नाही. गोळ्या घ्या, बरं वाटेल. बघायचंय का तुमचं रक्त?"

तिला एक डोळा मिटणं जमेना, तेव्हा नवऱ्याने आपल्या तळहाताने तिचा डोळा झाकला. मग ती एकटक बघत राहिली.

"इतलं साजरं शे," ती नवऱ्याला म्हणाली, "अन् तुमी सारा रस्ता रडत उनात."

तो खाली बघून हसला.

गोळ्यांनी गुण आला. तिची धाप थांबली, रक्तातला आकडा झपाट्याने उतरला आणि होळीच्या सुमारास ती केळीचा घड घेऊन आली. एकटी नव्हे. गावातल्या खोकणाऱ्या साऱ्या बायका तिने गाडीत घालून आणल्या होत्या. बहुतेकींचा खोकला साधाच निघाला. पण रंगीत रक्त बघितल्याशिवाय त्यांतली एकही घरी जायला तयार नव्हती आणि आमचं दुपारचं जेवण त्या दिवशी संध्याकाळी झालं.