चरकाचा शेंदूर

आमच्या सेंटरला पाहुणे आले की माझं डोकंच फिरतं. काचेपलीकडून यंत्रं बघतात, फोटो काढतात आणि जाताना हमखास विचारतात, "पण ह्याचा साध्या माणसाला उपयोग काय?" पूर्वी मी मोठमोठी उत्तरं द्यायचे. आता सरळ सासऱ्यांच्या उसाच्या चरकाचं सांगते.

सेंटर शिरूरच्या रस्त्याला आहे. कारखान्यांना जे जमत नाही ते आम्ही करून बघतो. माझं काम साच्यांचं. संगणकावर आकार तयार करायचा, मग यंत्र वाळूचा एकेक पातळ थर पसरत हुबेहूब तसा साचा छापतं. फाउंड्रीत त्यात बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, ओतलं की वस्तू तयार.

सासरे, म्हणजे आमचे आप्पा, यवतजवळ गुऱ्हाळ चालवतात. मी आणि नवरा नोकरीपायी शिक्रापुरात भाड्यानं राहतो. गेल्या हंगामात ऐन सुरुवातीला आप्पांच्या चरकाचा ब्रॅकेट तडकला. उसाचा रस काढणाऱ्या लाटा, म्हणजे जाड लोखंडी रूळ, ज्याच्या आधारानं फिरतात, तो हा बिडाचा ब्रॅकेट. चरक बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. वेल्डिंग करून बघितलं, दोन काहिली, म्हणजे दोन मोठ्या कढया गूळ निघाला आणि ब्रॅकेटचे तुकडेच झाले. गूळ करणारा गुळव्या आणि त्याची माणसं हातावर हात ठेवून बसली. त्यांना दुसऱ्या गुऱ्हाळाचं बोलावणं आलेलं, ती तरी किती थांबणार?

आप्पा फोनवर म्हणाले, "गुळव्या गेला की भंगारवाल्याला बोलावतो, बाई. आता नवा चरक काय माझ्याच्यानं व्हत न्हाई. पर चरकच न्हाई म्हणल्यावर सकाळी उठून म्या जायचं कुठं?"

मी सेंटरच्या साहेबांचं डोकं खाल्लं, ब्रॅकेट आपल्याकडंच करू द्या म्हणून. ते वैतागून हो म्हणाले, पण हो म्हणाले. आप्पांना मी बजावलं, "तुकडे स्वच्छ करून आणा. काही म्हणजे काही चिकटलेलं ठेवू नका." ते घेऊन आले त्या दिवशी मी नेमकी ट्रेनिंगला पुण्यात. सहकाऱ्यानं तुकडे जुळवून ठेवले. त्याला लाल रंग दिसला, तो गंज लागू नये म्हणून मारतात तो रंग वाटला. चकाकी जावी म्हणून त्यावर नेहमीसारखी पांढरी पावडर फवारली आणि स्कॅनर फिरवला. माझ्यासमोर आला तो संगणकावरचा करडा आकार. साचा छापला, बीड ओतून झालं, आणि ब्रॅकेट पिकअपमध्ये टाकून आम्ही नवरा-बायको थाटात गुऱ्हाळावर गेलो.

बोल्टची भोकं जुळली, बैठक जुळली. वरची टोपी, म्हणजे ब्रॅकेटचं झाकण, मात्र बसेना. टोपीची कड ज्या खाचेत बसायची, ती खाचच नव्हती! सगळं सपाट. नवऱ्यानं हातोडी उचलली तशी मी त्याच्यावर खेकसले. गुळव्या खाटेवरून उठला आणि म्हणाला, "ताई, उद्या सांजच्यापर्यंत बघतो. मग मला जाऊ द्या."

मी जुना तुकडा उचलला. पुढच्या अंगाला लालभडक, दगडासारखा टणक थर.

"आप्पा, हे काय?"

"शेंदूर. दसऱ्याला लावतो की."

"अहो, स्वच्छ करून आणा म्हटलं होतं ना!"

"केलं की! राकेलनं धुतलं, ब्रश मारला. समदा मळ काढला."

"मग हा?"

"ह्यो काय मळ हाय व्हय? देव हाय त्यो!"

कपाळ माझं! वर्षानुवर्षं तेलातला शेंदूर लावून लावून खाच पार बुजलेली, आणि आम्ही देवाला बीड समजून मोजलं. मी आप्पांवर आवाज चढवला, त्यांच्यावर कधी चढवत नाही तो. मग साहेबांना फोन लावला, आता काय काय ऐकावं लागतंय म्हणून.

"बीड जास्त झालंय की कमी?" त्यांनी विचारलं.

"जास्त."

"मग बोंबलतेस कशाला? कमी असतं तर पुन्हा ओतावं लागलं असतं. जास्तीचं मशीनवर काढता येतं. फक्त खाच किती खोल ते नीट मोजायला हवं. जुन्याचा शेंदूर काढ आणि दोन्ही घेऊन ये."

मी फोन ठेवला. तिथंच उसाच्या ढिगावर बसले.

नवरा पटाशी घेऊन आला. आप्पा म्हणाले, "तू न्हाई. दे हिकडं." डोक्याचा टॉवेल सोडून त्यांनी मातीवर अंथरला, तुकडा त्यावर ठेवला, हात जोडले आणि खरवडायला लागले. वरचे थर भराभर निघाले. मग हात थांबला.

"ह्यो खालचा तुझ्या सासूच्या हातचा हाय. ती गेल्यापासनं म्या वरनं लावतोय."

सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलेलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली नुसती. म्हटलं, "राहू द्या, आप्पा. खाच अंदाजानं पाडू."

"अंदाजानं? एवढं शिकून अंदाजानं?" ते म्हणाले आणि पुन्हा पटाशी लावली. मधूनच बाहीनं डोळे पुसत होते, पण खरवडणं सोडलं नाही. खाच मोकळी झाली तेव्हा त्यांनी सगळा शेंदूर टॉवेलात बांधून नवऱ्याच्या हातात दिला, "नदीला सोडून ये."

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडताच मी दारात. खाच मोजली, नव्या ब्रॅकेटला तेवढीच पाडली आणि न्हावऱ्याकडून चौफुल्याला, तिथून यवतला. ट्रकवाल्यांना शिव्या घालत घालत ऊन उतरायच्या आत पोचलो. टोपी हातानं बसली. हातोडी लागलीच नाही. मोटर सुरू केली, आप्पांनी पहिली मोळी सारली, लाटा फिरल्या आणि रसाची धार लागली. आम्ही सगळे नुसते ब्रॅकेटकडं बघत होतो. तो हललासुद्धा नाही. गुळव्यानं काहिलीखालच्या चुलवणात जाळ घातला तेव्हा मला रडू फुटलं, अगदी हमसून.

"आगं, तिकडं सरकून रड," आप्पा म्हणाले, "रस खारट करती का?"

मी रडता रडता हसत सुटले. तेवढ्यात त्यांनी घरातून ताट आणलं. त्यात नारळ होता आणि वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. मला वाटलं, ते स्वतः लावतील. त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं.

"लाव. आता तुझ्या हातचा लागू दे."

खाच सोडून, वरच्या अंगाला, मी चांगली पाची बोटं भरून शेंदूर लावला.