आतून-बाहेरून लख्ख डबा

हसणारच आहात, तर आधी चहा संपवा. मागे हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं होतं. या किश्शातला माझा गाढवपणाच पुरे आहे, त्यात भर नको.

इंग्रजांच्या वेळची गोष्ट. मी बेळगावात, कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून होतो. राहायला शहापुरात. बायको सकाळी पितळी डबा भरून द्यायची आणि तो मी सायकलला अडकवून न्यायचो.

आमच्या हेडक्लार्कना देवाने डोळे बेताचे दिले होते, पण नाक सढळ हाताने दिलं होतं. दुपारी ते आपल्या मोठ्या टेबलाशी जेवत. शेजारी एकच खुर्ची. त्या खुर्चीवर बसून जेवणाऱ्याला वरची जागा मिळते, अशी कचेरीत सगळ्यांची श्रद्धा. आणि त्या खुर्चीवर कोण? मगदूम!

हा मगदूम निपाणीकडचा, जैन शेतकरी घरातला. अक्षर माझ्यापेक्षा वाईट, इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, नोकरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी कमी. पण डबा! बाहेरून सोन्यासारखा, आणि उघडला की फक्त त्या दिवशीच्या जेवणाचा वास. हेडक्लार्क तो नाकाशी धरून डोळे मिटत. माझ्या डब्याबद्दल मात्र एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या डब्यात गेल्या गुरुवारची आमटी अजून हजर आहे."

आमटी गुरुवारीच झाली होती. म्हणून तर जास्त झोंबलं.

माझी बसायची जागा रेकॉर्डच्या खोलीत, दाराजवळ. तिथून मला मगदूमची पाठ आणि त्याचा डबा दिसायचा. दोन वर्षं मी भाकरीबरोबर तेच गिळत होतो. डब्यात कापूर ठेवत असेल का? वाळा? की चंदन? शेवटी लाज सोडून विचारलं.

"काय न्हाय ओ आण्णा," तो म्हणाला. "जेवान झालं की त्यातच पानी घालायचं, इसळायचं आनि पिऊन टाकायचं. आमच्यात समदे तसंच करत्यात. अन्न मागं ठेवायचं न्हाय."

आता सांगा, यावर कोणी विश्वास ठेवेल? डबा धुतलेलं पाणी पितो म्हणे! मला वाटलं, हा खरी युक्ती लपवतोय. बढतीच्या वाटेवरचा माणूस खरं कशाला सांगेल?

रविवारी मी चिंच, राख आणि विटेची भुकटी घेऊन परसात बसलो. बायकोला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. "आणा इकडं, मी घासते," म्हणाली. मी दिला नाही. दोन वर्षं हिनेच घासला आणि दोन वर्षं मी दाराजवळ बसलो, हा हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता.

बाहेरून डबा तासाभरात झळकला. आत पाहिलं तर सगळीकडे राखी रंगाची पुटं. मनात म्हटलं, ही बघा गुरुवारची आमटी! मग काय, दुपारभर घासला. नखं झिजली. पण संध्याकाळी आतही पिवळंधमक सोनं. मगदूमचा तर फक्त बाहेरून पिवळा होता.

सोमवारी मुद्दाम रिकामा डबा हेडक्लार्कसमोर धरला. त्यांनी नाक आत घातलं, बाहेर काढलं, आणि म्हणाले, "वा! उद्या जेवायला इकडेच बसा. घरची कढी आणा." मगदूम हसत आपली खुर्ची सोडून उठला. त्याच्या हसण्याचाही मला राग आला.

मंगळवारी बायकोने आंबट ताकाची कढी केली. डबा मी स्वतः भरला, कोणाला हात लावू दिला नाही. दुपारी दिमाखात टेबलाशी बसलो, कढी हेडक्लार्कच्या वाटीत ओतली. रंग जरा हिरवट वाटला. म्हटलं, कोथिंबीर जास्त पडली असेल. त्यांनी एक घोट घेतला आणि धावत जाऊन खिडकीबाहेर थुंकला. कॅम्पातला एक गोरा सोजीर खालून जात होता. त्याने काय शिव्या दिल्या ते सांगत नाही.

मगदूमने डब्यात डोकावून पाहिलं. "आण्णा, कढी कळकलीया. ह्यातली कल्हई कुटं गेली?"

कल्हई! म्हणजे आंबट पितळेला लागून बिघडू नये म्हणून आतून देतात तो कथलाचा राखी मुलामा. मी मान ताठ ठेवून म्हणालो, "कसली कल्हई? आत मळ होता, तो मी घासून काढला."

सगळी कचेरी पोट धरून हसली. मगदूम हसला नाही. त्याने आपली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली, आणि ती मला त्या कढीपेक्षा कडू लागली. दुसऱ्या दिवशी तो परत त्या खुर्चीवर, मी परत दाराजवळ. वर्षभरात वरची जागाही त्यालाच मिळाली.

कढीच्या त्याच आठवड्यात, रविवारी, गल्लीत कल्हईवाला आला. त्याने डबा उलटसुलट करून पाहिला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडे वळून म्हणाला, "आक्का, नवी मोलकरीण ठेवलीया न्हवं? नव्या बायांचं असंच हुतंय बघा. लगेच काढू नगा तिला. शिकंल हळूहळू."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. पदर तोंडावर धरून म्हणाली, "काढता येत न्हाय हो तिला. लग्नाची हाय."