विनी गारबटचा शब्द

किर्कबेकचा बाजार सातशे वर्षांचा आहे असं चौकातल्या पाटीवर लिहिलंय, आणि त्यातली निदान तीनशे आपण स्वतः पाहिली अशा थाटात विनी गारबट दर शुक्रवारी माळावरून खाली उतरायची. घ्यायचं असायचं यीस्टचं एक पाकीट आणि टॉर्चचे सेल. पण दुपारपर्यंत चीजवाल्याला त्याचं चीज का कोरडं पडलं ते सांगून झालेलं असायचं, पाद्रीबुवांना रविवारचं प्रवचन नेमकं कुठे लांबलं ते ऐकवून झालेलं असायचं, आणि दगडी क्रॉसच्या पायऱ्यांवर सँडविच खात बसलेल्या पाहुण्यांकडून पावाचा चुरा झाडून घेतलेला असायचा.

"फोटो काढा हो, खुशाल काढा," ती त्यांना म्हणायची. "पण बटाटेवाल्याच्या वाटेतून बाजूला होऊन काढा. तो तुमच्यासाठी नटून नाही बसलेला."

विनी एकोणसत्तर वर्षांची. अंगाने काडी, जिभेने कात्री. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. माळाच्या अगदी तोंडाशी, शेवटच्या फाटकापाशी तिचं घर. वडील गेल्यावर कळप विकला आणि तिच्याकडे उरलं एक कुत्रं, चार कोंबड्या आणि एकशे बारा शेतांचे कान.

कान म्हणजे मेंढ्यांचे. आमच्या माळाला कुंपण नाही. हेदरच्या झुडपांच्या त्या जांभळ्या रानात सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात. लोकरीवर रंगाची खूण असते, पण पावसाळी हिवाळा लागेपर्यंत ती धुऊन जाते. खरी खूण कानाची. कोकरू लहान असतानाच प्रत्येक शेतकरी आपापली खूण कापतो: कोणाचं डाव्या कानाला भोक, कोणाचं उजव्याचं टोक छाटलेलं, कोणाची खालच्या कडेला खाच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी भटक्या, चुकार मेंढ्या बाजारामागच्या वाड्यात कोंडतात आणि खूणवाचक एकेकीचा कान हातात धरून शेताचं नाव सांगतो. तो शब्द शेवटचा. विनीच्या आधी तिचे वडील हे काम करायचे, आणि विनी एकतीस वर्षं करत होती.

कामाची निशाणी म्हणून एक काठी असते, मुठीला मेंढ्याचं शिंग लावलेली. नियम एकच. खूणवाचकाचा शब्द चुकीचा ठरला, की काठी क्रॉसच्या पायरीवर ठेवायची आणि घरी जायचं. आजवर एकाच माणसावर ती पाळी आली होती, विनीच्या आजोबांच्या काळात. तो गडी पुन्हा बाजारात फिरकला नाही. मोहरीसुद्धा बायकोकडून मागवायचा. विनीला त्या माणसाच्या गोष्टीची फार भीती वाटायची. शुक्रवार गेला तर आपल्यापाशी उरतं काय, हा हिशेब तिने कधीच करून ठेवला होता आणि तो तिला मुळीच आवडला नव्हता.

त्या वर्षी तेरा मेंढ्या होत्या आणि थंडी अशी, की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं. विनीची बोटं अलीकडे आखडायची. भाचीने तिला पांढरे लोकरी हातमोजे विणून दिले होते, ते तिने चढवले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

नऊ मेंढ्या झटपट गेल्या. दहाव्या मेंढीला दोन मालक निघाले: ॲम्ब्रोज डाउसन आणि क्लिफ फेदरबी. डाउसन विनीचा शेजारी, हिवाळ्यात तिच्या दारात लाकडं आणून टाकणारा. फेदरबी माळाच्या पलीकडचा. वीस वर्षांपूर्वी एका फाटकावरून त्याचं आणि विनीचं वाजलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त कुत्र्यांमार्फत बोलायची.

दोघांच्या खुणा तशा जवळजवळच्या. फेदरबीची म्हणजे डाव्या कानाचं टोक छाटलेलं. डाउसनचंही टोक छाटलेलं, पण शिवाय खाली एक खाच. विनीने कान धरला, अंगठा फिरवला. टोक नव्हतं. खाली खाच होती.

"डाउसन," ती म्हणाली.

फेदरबीने मेंढीच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, टोपीला बोट लावलं आणि तो बाजूला झाला.

बारा वाजता उरलेल्या तीन मेंढ्या जेवणानंतरवर टाकून सगळे नेहमीप्रमाणे 'ब्लॅक बुल' पबमध्ये शिरले. विनीपुढे पोर्क-पाय, म्हणजे मांस भरलेली खारी पेस्ट्री, आली. खायला म्हणून तिने हातमोजे काढले, आणि घास तोंडापाशीच थांबला. उजव्या अंगठ्यावर, पांढऱ्या लोकरीत, रक्ताचा ठिपका होता.

कोकरूपणी कापलेला कान रक्त देत नाही. त्याची कड भरून येते, जाड आणि गुळगुळीत होते. उघड्या बोटाला ते आंधळ्यालाही कळलं असतं. ही खाच कालपरवाची होती, कुठल्या तरी शेताच्या काटेरी तारेत फाटलेली. मेंढी फेदरबीची होती.

ती तशीच उठून बाहेर आली. ॲम्ब्रोज ट्रेलरचं दार लावत होता. तिने दार उघडायला लावलं, उघड्या हाताने कान धरला आणि मग त्यालाही बोट लावून बघायला सांगितलं.

"अरे देवा," ॲम्ब्रोज म्हणाला. मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "हे बघ विनी, ओरडू नकोस. मी उद्या हिला गुपचूप क्लिफच्या बाजूला सोडून येतो. त्याची मेंढी त्याला मिळाली, तुझी काठी तुझ्याकडे राहिली. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना, मठ्ठा!"

"तुला कळलं तर काय बिघडलं?"

"बाबांनी मला कान शिकवले, ॲम्ब्रोज. कान झाकायला नाही शिकवलं."

हे म्हणताना तिचा आवाज फाटला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती तरातरा चौकात गेली, क्रॉसच्या पायऱ्या चढली आणि बाजार उघडताना आणि मिटतानाच वाजवायची ती घंटा तिने भर दुपारी वाजवली. बटाटेवाल्याच्या हातून तराजू सुटला. पबमधून माणसं ग्लास घेऊनच बाहेर आली. पाहुण्यांना वाटलं काहीतरी खास कार्यक्रम आहे. त्यांनी कॅमेरे काढले.

"दहाव्या मेंढीचा शब्द चुकला," विनी म्हणाली. "हातमोज्यातून कान वाचला मी. अशी चूक शाळकरी पोरही करणार नाही. मेंढी क्लिफ फेदरबीची आहे."

सगळ्यांनी फेदरबीकडे पाहिलं.

"माझी नाही ती," तो म्हणाला.

"तुझीच आहे!"

"विनी गारबटने डाउसन म्हटलं. म्हणजे डाउसनची."

"मला नको ती!" ॲम्ब्रोज मागून ओरडला.

"क्लिफ फेदरबी," विनी दात खाऊन म्हणाली. वीस वर्षांत ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलत होती. "तू तिला तोंडावरून ओळखलं होतंस. मी पाहिलं. मग गप्प का बसलास?"

फेदरबीने टोपी काढली, परत घातली. "मेंढ्या माझ्याकडे दोनशे आहेत," तो म्हणाला. "कान वाचणारी एकच आहे. तीही असल्या तोंडाची."

लोक हसले. विनी हसली नाही. तिला रडू येत होतं आणि चारचौघांत रडणं तिला मंजूर नव्हतं. ती पायऱ्या उतरली, काठी खालच्या पायरीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, "नियम तो नियम. घेऊन जा तुझी मेंढी." मग वळून ती बसथांब्याकडे चालू लागली. लोकांनी तिला वाट करून दिली. खरं सांगायचं तर थांब म्हणायचं सगळ्यांच्याच मनात होतं, पण सातशे वर्षांच्या बाजारात नियमाविरुद्ध तोंड उघडायला कोणी शिकलेलंच नाही.

वाड्यात अजून तीन मेंढ्या उभ्या होत्या. शेतकरी वाड्यापाशी गेले आणि नुसते उभे राहिले. एकाने एकीचा कान धरून पाहिला, मान हलवली, सोडून दिला. काठी पायरीवर तशीच पडून होती. तिला हात लावायची कोणाची तयारी नव्हती.

बस आली. विनीने एक पाय आत ठेवला, एवढ्यात क्लिफ फेदरबी धापा टाकत तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"तीन राहिल्यात," तो म्हणाला.

"काठी ठेवली मी, क्लिफ."

"राहू दे की तिथेच. कान काय काठीने वाचतेस? हात तर घरी न्यायला सांगितले नाहीत ना नियमाने?"

विनीने पाय खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं, मग बसवाल्याकडे. बसवाला आमच्याच गावचा. त्याने दार लावून घेतलं आणि बस रिकामीच नेली.

ती वाड्यात शिरली. अकराव्या मेंढीपाशी गुडघे टेकून बसली आणि गारठलेल्या उघड्या हातात तिचा कान धरला. पाहुण्यांनीसुद्धा कॅमेरे खाली घेतले होते. बोटं दुखत होती, तरी तिने कड दोनदा तपासली, पूर्वी कधी तपासली नव्हती इतकी.

"स्ट्रिकलंड," ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने शेताचं नाव विचारल्यासारखं घेतलं होतं.

म्हातारा स्ट्रिकलंड पुढे आला. कान त्याने पाहिलाच नाही. मेंढीच्या गळ्याला हात घातला आणि तो तिला घेऊन गेला.