अंगात आलेला चीक

माझ्या आयुष्यातलं पहिलं संशोधन आमच्या घरच्यांनी शेताच्या बांधावर नेऊन पुरलं. वर दगडही ठेवला.

तेव्हा मी अकोल्याहून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन भातकुलीला घरी आलो होतो आणि अमरावतीच्या एका कारखान्याच्या बोलावण्याची वाट पाहत होतो. ही पदवी म्हणजे काय, ते मी घरात अनेकदा समजावलं होतं. आईने त्यातून ‘पोरगा सैपाक शिकून रायला’ एवढाच अर्थ काढला. सैपाक शिकायला अकोल्याला कशाला जावं लागतं, असा तिचा सवाल होता (आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवताना तो मलाही पडायचा!).

धाकट्या बहिणीचं, वैशूचं, लग्न बार्शीटाकळीला ठरलं होतं. रुखवतात मांडायच्या कुरडया करायला अकोल्याहून, जठारपेठेतून मावशी आली होती. भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून काढायचा, हा तिचा नियम. मी मध्ये पडलो. म्हटलं, शिजलेला चीक ओल्या फडक्याखाली झाकून मागच्या खोलीत ठेवा, दार-खिडकी बंद करा, उद्या कुरडई अजिबात तुटणार नाही, असं शास्त्र आहे. (असं कोणतंही शास्त्र नाही. ते मी उभ्याउभ्या तयार केलं होतं.) मावशीने सोऱ्या खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, शिकलेलं पोरगं आहे, पाहू ऐकून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खोली उघडली. वऱ्हाडातली उन्हाळ्याची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, आमच्याकडची भुतं रात्र व्हायची वाट पाहत नाहीत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. लाइट गेल्याने कूलर गप्प झाला होता. खोलीत आंबूस वास कोंडला होता आणि पातेल्यातून मधूनच ‘फुस्’ असा, कोणी दबून श्वास सोडावा तसा आवाज येत होता. मावशीने फडकं उचललं.

पांढऱ्याशुभ्र चिकावर रक्त होतं. आधी ठिपके, मग ठिपके मिळून झालेले ओघळ. फडक्यालाही डाग. घरात कोणाला कापलं नव्हतं, खोलीत मांजर शिरलं नव्हतं. वैशूच्या तोंडचं पाणी पळालं. रुखवताच्या चिकातून रक्त निघालं हे बार्शीटाकळीला कळलं असतं तर तिचं लग्न मोडलंच म्हणायचं.

‘करणी हाय,’ मावशी हळूच म्हणाली.

माझी छाती मात्र फुगली. कारण हे मी ओळखत होतो! लाल रंग तयार करणारे जिवाणू. ओल्या, पिठूळ पदार्थावर ते असेच रक्तासारखे वाढतात. पुस्तकातलं चित्र आमच्या पातेल्यात अवतरलं होतं आणि पदवीचं चीज व्हायची वेळ आली होती.

‘मावशी, भिऊ नोको,’ मी म्हणालो. ‘हे जितं हाय.’

मावशी मागे सरकत भिंतीला टेकली. मी अजून सोपं करून सांगितलं, की हे सगळीकडे असतं, मोरीत असतं, नळाला असतं, फक्त दिसत नाही. आईने मोरीकडे पाहिलं आणि पदर सावरला.

‘कधीकधी माणसाच्या आंगात बी येते,’ मी म्हणालो.

मला संसर्ग म्हणायचं होतं. पण अंगात येण्याचा आमच्याकडे एकच अर्थ आहे. आईने जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, ‘कोनाच्या?’

‘ज्याच्यात ताकद कमी असंन त्याच्या.’

सगळ्यांच्या नजरा वैशूकडे वळल्या. लग्नाचं ब्लाउज बसावं म्हणून ती कितीतरी दिवस अर्धपोटी राहत होती. तिने हंबरडा फोडला.

आता पुराव्याशिवाय इलाज नव्हता. मी चिकात बोटं बुडवली, ती ज्वारीच्या भाकरीवर दाबली आणि भाकर ओल्या फडक्याखाली ठेवली. जिथे मी हात लावला तिथेच उद्या लाल होईल, असं सर्वांसमक्ष जाहीर केलं. विज्ञानात याला भाकीत म्हणतात. भातकुलीत काय म्हणतात ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी भाकरीवर लाल पंजा उमटला होता. पाचही बोटं, स्पष्ट. खरं सांगतो, माझ्याच अंगावर काटा आला. पुस्तकातल्या चित्रात पंजा नसतो. तो माझाच आहे हे ठाऊक असूनही मी हात पाठीमागे लपवला.

‘याले आधीच कसं मालूम होतं?’ मावशी म्हणाली. ‘करणी यानंच केली.’

 आईने वैशूला आपल्या मागे घेतलं. ते मला फार लागलं.

बाबा पातेलं आणि भाकर उचलून बांधावर पुरायला निघाले, तर दारात वैशूची होणारी सासू उभी! साड्या पसंत करायला त्या न कळवताच आल्या होत्या. त्यांनी भाकरीवरचा पंजा पाहिला. वैशूने डोळे मिटून घेतले. लग्न वाचवायचं तर खापर कोणावर तरी फुटायलाच हवं होतं.

‘हे म्या केलं,’ मी म्हणालो. ‘वैशूचा याच्यात काई संबंध नाई.’

विहीणबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. ‘तुमाले येते हे?’

‘शिकलो मी. अकोल्याले.’

‘अकोल्याले शिकवतेत?’

त्या खाली बसल्या आणि आवाज उतरवला. त्यांच्या लोणच्यावर दरवर्षी पांढरं येत होतं आणि त्यांचा जावेवर संशय होता. मी म्हटलं, बरणी कडक उन्हात वाळवा, मीठ वाढवा, वर तेल राहू द्या. जाऊ निर्दोष आहे हे ऐकून त्या थोड्या हिरमुसल्या. पण असा जाणता माणूस ज्या घरात आहे ते घर सोडायचं नाही, असं त्यांनी तिथेच बाबांना सांगून टाकलं.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. मांडवात विहीणबाईंनी सगळ्या बार्शीटाकळीसमोर माझ्या हातात लिंबू दिलं आणि नवरा-नवरीची नजर काढायला सांगितलं. मी प्रथम श्रेणीचा पदवीधर! पण वैशू इतक्या दिवसांनी हसत होती. मी मुकाट्याने आचाऱ्याकडे गेलो, लिंबू उकळत्या पाण्यातून काढून आणलं आणि मगच ओवाळलं. शेवटी स्वच्छतेचे काही नियम असतात.

‘अकोल्याची पद्धत हाय,’ मागून एक बाई दुसरीला म्हणाली.

आज मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत बसतो. बार्शीटाकळीत अजूनही नजर काढायचं लिंबू आधी उकळतात. अन्नशास्त्रात मी काय भर घातली असं कोणी विचारलं, तर एवढीच.