आमच्या घरची शुगर

आमच्या घरात शुगर कुणाला समजावून सांगावी लागत नाही. माझ्या वडिलांना होती, मला चौदा वर्षांपासून आहे, मोठ्या बहिणीला आहे. त्यामुळे मुलीच्या कॉलेजातल्या तपासणी शिबिरात तिची शुगर वाढलेली निघाली, तेव्हा मी घाबरलो नाही. एकोणीस वर्षांची पोरगी, अंगाने भरलेली, त्यात बापाचा वारसा. नंदनवन भागातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हणाले. मी काही नेलं नाही. घरात शुगर मोजायची मशीन होती आणि माझ्यासारखा जाणकार होता, मग कशाला जायचं?

मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. पहाटे मैदानावर पाच फेऱ्या, मग कारल्याचा रस. भात बंद, बटाटा बंद. रविवारचे तर्री-पोहे तिच्यासमोर मीही खात नसे. कोपऱ्यावर जाऊन खात असे, ती गोष्ट वेगळी. दीड-दोन महिन्यांत ती अशी उतरली की सगळे कुर्ते आत घ्यावे लागले. हुडकेश्वरला बहिणीकडे वास्तूला गेलो, तर ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, पोरगी किती बारीक झाली, केलं तरी काय? तिचं वजन उतरत होतं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. दोघीतिघींना तर मी कारल्याचा रस कसा काढायचा तेही सांगितलं.

पण मशीनवरचा आकडा काही खाली येईना. दिवसभर तिच्या तोंडाला पाण्याची बाटली. कॉलेजातून आली की आडवी. मी त्याला आळस म्हणायचो. एवढं पथ्य, एवढं चालणं, तरी शुगर चढते म्हणजे पोरगी चोरून खाते, याशिवाय दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही. एकदा ती आंघोळीला गेली असताना मी तिची बॅग तपासली. काही सापडलं नाही. तेव्हा तर माझी खात्रीच पटली की पोरगी हुशार आहे.

बाहेर येऊन तिने उघडी बॅग पाहिली. भांडली नाही.

"मी काहीच नाही खाल्लं बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मले चोर समजून राहिले."

"मंग शुगर काय हवेनं वाढते?" मी म्हणालो.

तिची आई मध्ये पडली. पोरीचा चेहरा तरी पाहा, म्हणाली. मी तिलाही गप्प केलं. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

चार दिवसांनी मैदानावर तिसऱ्या फेरीला ती खाली बसली आणि ओकली. आधी मला नाटकच वाटलं. मग तिच्या श्वासाकडे लक्ष गेलं. बसल्या जागी ती चार जिने चढून आल्यासारखी धापा टाकत होती. ऑटोत घालून धंतोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे थेट आयसीयूत घेतलं. पुढचे तीन दिवस मी काचेबाहेर उभा होतो.

तिला खोलीत आणल्यावर उरलेले रिपोर्ट आले. डॉक्टर मॅडम तिच्या खाटेशी बसून आम्हाला समजावू लागल्या. घराण्याची शुगर तर तिला आहेच, पण सोबत दुसरीही आहे, बहुतेकदा लहान वयात दिसते ती. त्या प्रकारात शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मोडून टाकतं. दोन्ही एकाच अंगात असल्या की सुरुवातीला ओळखणं कठीण जातं. वजन उतरलं ते चालण्याने कमी आणि इन्सुलिन नसल्याने जास्त. गोळ्यांनी भागणार नव्हतंच, आता इंजेक्शन आयुष्यभर. मी एकामागून एक विचारत सुटलो. दिवसातून किती वेळा टोचायचं, परीक्षेचं काय, भात चालेल का. मॅडम शांतपणे सांगत होत्या.

मग त्यांनी मुलीला विचारलं, तुला काही विचारायचं आहे का? लहानपणापासून ती सुईला घाबरते. मला वाटलं, आता रडेल.

"मॅडम, बाबांले सांगा ना," ती म्हणाली, "मी चोरून काहीच खाल्लं नव्हतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आधी मीच बोलायला हवं होतं. मी खिशात रुमाल शोधत राहिलो.